निम्मे कुणाचे?

कॉलेजात असताना एका सुट्टीत मी घरोघर जाऊन पाहणीचे फॉर्म भरायचं काम केलं. माणशी एक ओळ आणि ओळीच्या शेवटी कामाचा रकाना. त्यात खूण करायला पाच चौकटी होत्या: पगारी नोकरी, रोजंदारी, स्वतःचा धंदा, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत, काम करत नाही. हात बसावा म्हणून पहिला फॉर्म मी आमच्याच घरचा भरला. अण्णांच्या ओळीत 'स्वतःचा धंदा'वर खूण केली. ते शिंपी. एक पायमशीन, एक कातर, एक इस्त्री आणि कापड बेतायचं टेबल, एवढाच धंदा. खूण बरोबरच होती. पण पुढे आकडेवारीवरच पोट भरायची वेळ आली तेव्हा कळलं, की त्या एका खुणेपाशी भल्याभल्यांची त्रेधा उडालेली आहे.

देशात वर्षभरात जेवढं उत्पन्न तयार होतं, त्यातलं काम करणाऱ्यांच्या वाट्याला किती जातं आणि यंत्रं, इमारती, जमीन, पैसा यांच्या मालकांच्या वाट्याला किती, हा हिशेब मांडायची अर्थशास्त्राला फार जुनी खोड आहे. डेव्हिड रिकार्डोनं १८१७ साली आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच सांगून टाकलं, की जमीनदार, भांडवलदार आणि मजूर या तिघांत उपज कशी वाटली जाते त्याचे नियम शोधणं हाच या शास्त्राचा मुख्य प्रश्न. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अडखळलो तो 'तिघं' या शब्दापाशी. म्हणजे तीन वेगळी माणसं, तीन वेगळी घरं. आमच्याकडे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन अण्णांचं, हातही अण्णांचे. रिकार्डोचे तिन्ही वर्ग आमच्या घरी एकाच स्टुलावर बसून तुरपाई करत.

श्रीमंत देशांत हा गुंता बराच सुटलेला असतो. तिथे बहुतेक लोक दुसऱ्याकडे नोकरी करतात. पगाराची चिठ्ठी एकीकडे, नफ्याचा ताळेबंद दुसरीकडे. १९२८ साली पॉल डग्लस या अर्थशास्त्रज्ञानं चार्ल्स कॉब या गणितज्ञाला हाताशी धरून अमेरिकेतल्या कारखान्यांची १८९९ ते १९२२ पर्यंतची आकडेवारी एका सूत्रात बसवली. श्रमाचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश निघाला, भांडवलाचा एक चतुर्थांश. (हे डग्लस मोठे विलक्षण गृहस्थ. पन्नाशीत मरीन दलात साधा शिपाई म्हणून भरती झाले आणि नंतर सिनेटर.) ब्रिटनची आकडेवारी पाहून केन्सनं १९३९ साली लिहिलं, की हा वाटा इतका स्थिर राहतो हे जरा चमत्कारासारखंच आहे. पुढे निकोलस काल्डोरनं या स्थिरतेला वाढीच्या ठळक वैशिष्ट्यांच्या यादीत बसवलं. रॉबर्ट सोलोनं १९५८ मध्ये शंका काढली: स्थिर म्हणजे कशाच्या मानानं स्थिर? पण शंका बाजूला राहिली आणि 'दोन तृतीयांश श्रमाचे, एक तृतीयांश भांडवलाचे' हे पाढ्यासारखं पाठ केलं गेलं. मीही केलं.

मग मी गरीब देशांचे तक्ते उघडले आणि पाढा विसरायची वेळ आली.

डग्लस गॉलिन या अर्थशास्त्रज्ञानं २००२ साली हे तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नोकरदारांना मिळालेला मोबदला भागिले राष्ट्रीय उत्पन्न, असा सरळ भागाकार केला तर श्रमाचा वाटा कुठे शेकडा पाच आणि कुठे शेकडा ऐंशी येत होता. शेकडा पाच! वरवर पाहणाऱ्याला वाटावं, की या देशात मालकांनी मजुरांना पार पिळून काढलंय. वस्तुस्थिती अशी, की तिथे पगार घेणारेच मूठभर होते. बाकी देश अण्णांसारखा होता: स्वतःचं शेत, स्वतःची टपरी, स्वतःचं मशीन. त्यांची सगळी कमाई 'पगार नव्हे' म्हणून पलीकडच्या ढिगात, भांडवलाच्या नावावर जमा. दिवसभर पायानं मशीन हाणून पोटऱ्या दुखणारा माणूस त्या तक्त्यात भांडवलदार होता.

गॉलिननं स्वतःचा धंदा करणाऱ्यांची कमाई वेगवेगळ्या रीतींनी वाटून पाहिली, तेव्हा बहुतेक देशांचे आकडे शेकडा ६५ ते ८० या पट्ट्यात आले. म्हणजे गरीब-श्रीमंत देशांतली दरी बरीचशी हिशेबाचीच होती. पण 'वाटून पाहिली' हे म्हणायला सोपं. वाटणार कसं? सगळी कमाई श्रमाचीच धरली तर मशीन फुकटचं ठरतं. उरलेल्या अर्थव्यवस्थेत जे प्रमाण आहे तेच इथे लावलं, तर पायमशीनवाला आणि पोलाद कारखाना एकाच मापानं मोजला जातो. तिसरी रीत म्हणजे नोकरदाराला सरासरी जेवढा पगार, तेवढाच स्वतःच्या धंद्यातल्या माणसाचा श्रम मानायचा. ही ऐकायला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. पण गरीब देशात पगारी नोकरी कुणाला असते? सरकारी अधिकारी, बँकवाले, मोठ्या कंपन्यांतले लोक. त्यांचा पगार शिंप्याला लावला तर काही देशांत श्रमाचा वाटा शंभराच्याही वर जातो. शंभरातले एकशेदहा मजुरांना वाटणारा देश कागदावर का होईना, पण निघतो.

देशाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनं १९९३ साली या भानगडीला निदान एक नाव दिलं: मिश्र उत्पन्न. पगारही नाही आणि नफाही नाही, दोन्ही एकात. मला हे नाव आवडतं. 'आम्हाला वेगळं करता येत नाही' अशी प्रामाणिक कबुली सरकारी भाषेत क्वचितच ऐकू येते. पण नाव दिल्यानं गाठ सुटत नाही. चीनमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं उत्पन्न आधी श्रमाच्या मोबदल्यात धरलं जायचं. २००४ साली ते उचलून नफ्याच्या बाजूला ठेवलं गेलं. त्या वर्षी तिथल्या श्रमाच्या वाट्याला जी गचकन घसरण लागली, तिचा मोठा भाग या रकानाबदलाचा होता. कुणाचा पगार कापला नव्हता, कुणाला कामावरून काढलं नव्हतं. खूण तेवढी एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत गेली होती.

मी दहावीत असताना अण्णांनी दुकान बंद केलं. तयार कपड्यांपुढे टिकाव लागेना, आणि ते ज्या कारखान्यात शिवले जात त्याच्याच दारात अण्णा कामाला उभे राहिले. स्वतःचं दुकान असताना ते अख्खा शर्ट शिवायचे. लाइनवर दिवसभर नुसत्या कॉलरी. घरी पैसे आधीपेक्षा जास्त येऊ लागले, हे मला कबूल केलं पाहिजे. माझं कॉलेज त्याच कॉलरींवर झालं. पुढे लाइनवर नजर पुरेनाशी झाली तेव्हा त्यांनी पुन्हा पुढच्या खोलीत मशीन मांडलं, म्हणून माझ्या फॉर्मवर 'स्वतःचा धंदा' आला. पण ते नंतरचं.

हे स्थित्यंतर मी नंतर कितीदा तरी कागदावर मांडून पाहिलं आहे. आकडे सोयीचे घेतो. दुकानात अण्णा दिवसाला दहा भाग मूल्य तयार करत होते, सगळे त्यांचेच. कारखान्यात चांगल्या यंत्रावर, कामाच्या विभागणीमुळे माणशी तीस भाग तयार होतात आणि त्यातले तेरा अण्णांना मिळतात. आता श्रमाचा वाटा वाढला की घटला? दुकानाची कमाई श्रमाची धरली असेल, तर वाटा शंभरावरून त्रेचाळिसावर आपटला. ती नफ्यात धरली असेल, तर शून्यावरून त्रेचाळिसावर चढला. माणूस तोच, कारखाना तोच, वर्ष तेच. एका तक्त्याकडे बघून विकासानं कामगार नागवला म्हणून अग्रलेख लिहिता येईल, दुसऱ्याकडे बघून विकासानं कामगाराला न्याय दिला म्हणून. आणि अण्णांच्या खिशात दोन्ही वेळेला तेराच.

तेरा हा आकडा मी उगाच घेतला नाही. सेंट लुशियासारख्या छोट्या बेटावर जन्मलेल्या आर्थर लुईस यांनी १९५४ साली गरीब देशांच्या वाढीवर एक निबंध लिहिला, ज्यानं त्यांना १९७९ मध्ये नोबेल मिळवून दिलं. त्यात त्यांनी नोंदवलं आहे, की कारखान्यातली मजुरी ही जुन्या धंद्यातल्या किंवा शेतीतल्या कमाईपेक्षा साधारण तीस टक्के किंवा थोडी जास्त असते. दहाचे तेरा. कारण मालकाला मजुरी ठरवताना माणूस किती उत्पादन करतो हे पाहावं लागतच नाही. माणूस काय सोडून आला आहे, एवढं पाहिलं की पुरतं. बाहेर रांग आहे तोवर तेराचे चौदा करायचं कारण नाही.

आता कारखान्यात नवी यंत्रं येतात. माणशी तीस भागांचे चाळीस होतात. रांग अजून आहे, म्हणून मजुरी तेराच. वाटा त्रेचाळिसावरून साडेबत्तिसावर आला, आणि कुणाचाही पगार एका पैशानं कमी झालेला नाही. लुईस यांना यात खलनायक दिसत नव्हता. उलट हा वाढलेला नफा पुन्हा गुंतवला जाईल, त्यातून आणखी कारखाने उभे राहतील, शेवटी रांग संपेल आणि मग मजुरी चढू लागेल, अशी त्यांची मांडणी होती. रांग संपण्याच्या त्या वळणाची वाट बघायची. सगळं 'पुन्हा गुंतवला जाईल' या तीन शब्दांवर तोललेलं आहे. नफा महालात गेला, परदेशी खात्यात गेला, किंवा माणसं कमी लागणाऱ्या यंत्रांत गेला, तर रांग हलत नाही. रांगेत उभं राहून वळणाची वाट बघणं आणि निबंधात त्याची वाट बघणं यात फरक आहे, एवढंच मी म्हणेन.

खुल्या व्यापारानं तरी हे गणित मजुरांच्या बाजूला झुकायला हवं होतं. १९४१ साली स्टोल्पर आणि सॅम्युअल्सन यांनी दाखवलेल्या प्रमेयाचा सूर तोच: ज्या देशात मजूर मुबलक, तिथे व्यापार उघडल्यावर मजुरी वधारावी. प्रत्यक्षात अनेक विकसनशील देशांत वाटा घसरला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं २०१७ साली यावर दिलेलं स्पष्टीकरण मला पटतं. श्रीमंत देशातून जे काम बाहेर पाठवलं जातं ते तिथल्या मानानं मजूरप्रधान असतं. पण तेच काम गरीब देशात येऊन पोचतं तेव्हा तिथल्या आधीच्या कामांच्या मानानं ते यंत्रप्रधान ठरतं. तिकडची तळाची पायरी ही इकडची वरची पायरी. कॉलरींची ती लाइन कुठल्याशा श्रीमंत देशातून नकोशी झालेली असेल. अण्णांच्या पायमशीनपुढे ती अवाढव्य भांडवल होती.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की म्हणजे घसरण वगैरे सगळा रकान्यांचा खेळ आहे तर. अशी माणसं मला बैठकांत भेटतात आणि त्यांचा मला राग येतो. मोजण्यात खोट आहे हे खरं, पण त्या आडोशाला किती लपायचं? काराबार्बुनिस आणि नायमन यांनी २०१४ साली फक्त कंपन्यांचा हिशेब घेतला. तिथे शिंपी नाहीत, टपऱ्या नाहीत, मिश्र काही नाही. तरीही १९७५ पासून जगभरात श्रमाचा वाटा सुमारे पाच टक्के बिंदूंनी खाली आलेला दिसला, श्रीमंत आणि गरीब दोन्ही प्रकारच्या देशांत. त्यांनी जवळजवळ निम्मा दोष यंत्रसामग्री स्वस्त होण्याला दिला. उरलेल्या निम्म्यात काय काय असेल यावर भांडणं चालू आहेत. मला स्वतःला मिखाल कालेकी यांचं जुनं म्हणणं विसरता येत नाही: मालाच्या किमतीत खर्चावर किती चढवायचं हे ठरवायची ताकद ज्याच्या हातात, त्याच्याच हातात वाट्याचा आकडाही असतो. बाजारात विकणारे थोडे, कामगारांची संघटना मोडकी, मग चढवायला मोकळं रान. अण्णांच्या लाइनवर एकदा वेळेवरून कुरबूर झाली, तेव्हा पुढच्या आठवड्यात बोलणारे तिघं लाइनवर नव्हते. वाट्याच्या तक्त्यात याला रकाना नसतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२४ मध्ये सांगितलं, की २००४ पासूनच्या वीस वर्षांत जागतिक उत्पन्नातला श्रमाचा वाटा १.६ टक्के बिंदूंनी घटला. एवढंसं काय ते, असं वाटतं. पण जगाच्या उत्पन्नावर तो लावला की २०२४ या एका वर्षात कामगारांच्या हाती न पोचलेली रक्कम २.४ लाख कोटी डॉलर होते. हा आकडा काढताना त्यांनी शिंप्याला बँकवाल्याचा पगार लावलेला नाही. पाहणीच्या फॉर्मांतून, शिक्षण किती, वय किती, काम कसलं, हे पाहून स्वतःच्या धंद्यातल्या माणसांच्या श्रमाचा अंदाज बांधायची नवी रीत त्यांनी २०१९ पासून वापरायला घेतली. म्हणजे शेवटी सगळं त्या फॉर्मांवर आलं, कुणीतरी सुट्टीत भरलेल्या.

मला वाटायचं, मिश्र उत्पन्न ही जुन्या जगाची गोष्ट आहे. देश पुढे गेला की कमाई आपोआप पगार आणि नफा अशी वेगळी होईल. आता मोबाइलवरच्या ॲपवर काम घेणारी मुलं बघतो. गाडी त्याची, फोन त्याचा, पेट्रोल त्याचं. भाव मात्र ॲप ठरवतं, काम कुणाला द्यायचं तेही. फॉर्मवर तो काय? स्वतःचा धंदा. अण्णांचं स्टूल परत आलं आहे, फक्त दुकानाची किल्ली स्टुलावरच्या माणसाकडे राहिलेली नाही. जगातल्या काम करणाऱ्यांपैकी दर दहात सहा माणसं असंघटित कामात आहेत, तेव्हा ही खूण इतक्यात पुसली जाईल असं दिसत नाही.

गेल्या वर्षी अण्णांना सरळच विचारलं, "दुकानात तुम्हाला नफा किती सुटायचा हो?"

"नफा व्यापाऱ्याला होतो. मी शिलाई घ्यायचो."

"पण मशीन तुमचं होतं. त्याचे काही तरी धरायला हवेत ना?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "सुरुवातीला मी दुसऱ्याच्या दुकानात बसायचो. निम्म्यानं. शिलाईतले निम्मे त्याचे, निम्मे माझे."

मी खुर्ची पुढे ओढली. इतकी वर्षं मी जो भागाकार शोधत होतो तो आमच्या घरात माझ्या जन्माआधी होऊन गेला होता. "म्हणजे निम्मे मशीनचे?"

"मशीनचे कसे? कटिंग तो स्वतः करायचा, ते त्याच्या हाताचे. बटणांना बाई होती, तिला तो द्यायचा. दोरा, अस्तर त्याचं. नुसत्या मशीन आणि जागेचे म्हणशील तर निम्म्यातले निम्मे धर."

म्हणजे शंभरात पंचवीस भांडवलाचे, पंचाहत्तर श्रमाचे. कॉब आणि डग्लस यांचा आकडा. एका शिंप्याच्या अंदाजावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. दुसऱ्या शिंप्यानं दुसरं सांगितलं असतं. तरी मी ते कागदावर लिहून घेतलं आणि पुढे विचारलं, की स्वतःचं मशीन घेतल्यावर मालकाचे ते पंचवीस तुमच्याकडे आले, ते कधी वेगळे जाणवले का? अण्णा म्हणाले, "जाणवले की. हप्ता फिटेपर्यंत."

आई आतून भाजी निवडत ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "त्याच्याकडे बटणांना बाई होती. आपल्याकडे कोण होती ते पण लिही."

काजं, बटणं, तुरपाई. रात्री जेवणं उरकल्यावर, दिव्याखाली, शर्टामागून शर्ट. त्या सुट्टीतल्या फॉर्मवर अण्णांच्या खालची ओळ तिची होती, आणि मी 'काम करत नाही'वर खूण केली होती. लिहिलेला कागद मी परत पुढे ओढला आणि आईला विचारलं, "एका शर्टाला किती वेळ लागायचा गं तुला?"